लिनक्स सर्व्हर अडला की चॅटवर मदत कशी मागावी?

डोंगरवाट (धागाकर्ता)

सर्व्हर बंद पडला की माणूस घाईत असतो आणि घाईत टाकलेला प्रश्न चॅटवर हमखास वाया जातो. "साइट चालत नाहीये, कुणी आहे का?" एवढंच लिहिलेला प्रश्न तसाच वर सरकत जातो. चॅनेलवर जाणकार असतात, पण तुमचं मशीन त्यांच्यासमोर नसतं. तुम्ही चिकटवलेल्या चार-पाच ओळींवरूनच त्यांना निदान करायचं असतं. त्या ओळी नेमक्या कशा जमवायच्या यासाठी हा धागा. (कमांड देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं-लहान अक्षर महत्त्वाचं आहे तिथे सांगेन.)

आधी कुठे विचारायचं ते. आयआरसी (नुसत्या मजकुराचं जुनं चॅट) १९८८ सालचं आहे, तरी सर्व्हरच्या कामासाठी अजून तिथेच सर्वांत पटकन पक्कं उत्तर मिळतं. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या स्वयंसेवकांनी बाहेर पडून लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं केलं आणि बहुतेक प्रकल्प तिकडे गेले. उबुंटू आणि एनजिनएक्स (वेब सर्व्हर) यांची चॅनेलं लिबेरावर आहेत. डेबियनचं मुख्य चॅनेल मात्र ओएफटीसी या वेगळ्या नेटवर्कवर आहे, हे न कळल्यामुळे अनेकजण रिकाम्या खोलीत विचारत बसतात. दोन्हीकडे पोर्ट ६६९७ आणि टीएलएस (एनक्रिप्टेड जोडणी) चालू.

चॅनेल निवडताना आपली डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणती ते बघा. उबुंटूच्या चॅनेलवर मिंट किंवा कालीचे प्रश्न घेत नाहीत, डेबियनवर उबुंटूचे घेत नाहीत. तो तुसडेपणा नाही. पॅकेजं वेगळी असतात, त्यामुळे दिलेलं उत्तर चुकीचं ठरू शकतं. मुदत संपलेल्या आवृत्तीलाही मदत मिळत नाही, आधी अपग्रेड करा म्हणतात.

विचारण्याआधी हातात हे हवं: कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज चा निकाल, युनेम -आर, संबंधित पॅकेजची आवृत्ती (उबुंटू-डेबियनवर एपीटी पॉलिसी, रॉकी-अल्मावर आरपीएम -क्यू), आणि जर्नलसीटीएल -यू सेवेचं-नाव -एन ५० --नो-पेजर. शेवटचं --नो-पेजर विसरू नका. पेजरमध्ये (निकाल पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लांब ओळी स्क्रीनच्या कडेला कापल्या जातात आणि चूक का झाली ते नेमकं कारण त्या कापलेल्या भागात असतं. सिस्टिमसीटीएल स्टेटस ला तर -एल सुद्धा जोडा, नाहीतर तोही ओळी छाटतो.

यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे शेवटचा बदल. "काल चालत होतं, आज नाही" याच्या मधे काय झालं? आठवणीवर विसंबू नका. /वार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग उघडा, किंवा डीएनएफ हिस्टरी. आपोआप झालेलं अपडेटही तिथे तारीख-वेळेसकट सापडतं.

चॅनेलमध्ये थेट दहा ओळी ओतल्या तर आयआरसीचा सर्व्हर तुम्हाला बाहेर काढू शकतो. आउटपुट पेस्टवर (मजकूर ठेवून दुवा देणाऱ्या साइटवर) टाकून फक्त दुवा द्यायचा. सर्वांत सोपा मार्ग: कमांडच्या शेवटी २>&१ | एनसी टर्मबिन.कॉम ९९९९. दुवा लगेच छापून येतो. ते २>&१ राहिलं तर एररचे संदेश तुमच्याच स्क्रीनवर राहतात आणि पेस्ट रिकामी जाते. समोरचा म्हणतो "इथे काहीच नाही", आणि अर्धा तास त्यातच जातो.

---

कृष्णाकाठ

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

सध्या समोर आहे तोच प्रश्न विचारते. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केलं, वर्डप्रेस आहे, एनजिनएक्स आहे. आता प्रत्येक पानावर ५०२ बॅड गेटवे येतं. एनजिनएक्स चालू दाखवतोय, रीस्टार्टही केला. चॅनेलवर हे असंच लिहिलं तर चालेल का?

---

टर्मिनलवाले_काका

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नात आवृत्ती आणि शेवटचा बदल आला आहे, म्हणजे निम्मं काम झालं. राहिली ती लॉगची एक ओळ. ५०२ चा अर्थ एवढाच की एनजिनएक्स ठीक आहे, पण त्याच्या मागे जो उभा असायला हवा (तुमच्या बाबतीत पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी सेवा) त्याच्याकडून धड उत्तर आलं नाही. का आलं नाही ते /वार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग मध्ये कंसात एका आकड्यात लिहिलेलं असतं. चॅनेलवरचे अनुभवी लोक आधी तो आकडाच शोधतात.

कंसात २ असेल तर सॉकेटची (दोन प्रोग्रॅम जिथून बोलतात त्या दरवाजाची) फाइल त्या जागी नाहीच. मार्ग चुकला आहे किंवा एफपीएम सुरूच झालेलं नाही.

१३ असेल तर फाइल आहे पण एनजिनएक्सला ती उघडायची परवानगी नाही. एफपीएमच्या पूल फाइलमधलं (कामकरी गटाची सेटिंग्ज) लिसन.ओनर, लिसन.ग्रुप आणि लिसन.मोड ०६६० बघायचं. रॉकी-अल्मावर परवानग्या बरोबर दिसूनही १३ येत असेल तर एसई-लिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा थर). ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट चालवून तो निकाल पेस्ट करा. एसई-लिनक्स कायमचं बंद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

१११ म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण तिथे ऐकणारं कुणी नाही. बहुधा प्रोसेस मेलेली आहे.

११ आला तर गोष्ट वेगळी. सगळं जोडलेलं आहे पण एफपीएमचे सगळे कामकरी गुंतले आहेत आणि रांगही भरली आहे. एफपीएमच्या लॉगमध्ये पीएम.मॅक्स_चिल्ड्रन ची मर्यादा गाठल्याची ओळ दिसेल. डेबियन-उबुंटूत ती मुळात ५ असते. सरसकट ५० करू नका. पीएस ने एका एफपीएम प्रोसेसची खरी मेमरी बघा. समजा ६० एमबी निघाली आणि डेटाबेस वगैरे सोडून ६०० एमबी मोकळी आहे, तर १० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. पुढे गेलात तर कर्नल मेमरीसाठी कुणाला तरी मारेल, आणि सर्वांत जास्त मेमरी खाणारा म्हणून बहुतेक वेळा मायएसक्यूएलच बळी जातो.

१०४ म्हणजे जोडणी झाली, काम सुरू झालं आणि मधेच कामकरी पडला. तेव्हा डीमेसेज -टी (मोठा टी) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' किंवा सेगफॉल्ट शोधा.

तुमच्या ओळीत कोणता आकडा आहे?

---

कृष्णाकाठ

काका, २ आहे. ओळ अशी: कनेक्ट() टू युनिक्स:/रन/पीएचपी/पीएचपी८.१-एफपीएम.सॉक फेल्ड (२: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी).

---

डोंगरवाट

मग चॅनेलवर जायची गरजही पडणार नाही बहुधा. २२.०४ सोबत पीएचपी ८.१ येतं आणि २४.०४ सोबत ८.३. अपग्रेडमध्ये पीएचपी पुढे गेलं, पण /ईटीसी/एनजिनएक्स/साइट्स-एनेबल्ड मधली तुमची फाइल तुम्ही लिहिलेली आहे, तिला कुणी हात लावत नाही. ती अजून ८.१ चा दरवाजा ठोठावते आहे.

एलएस -एल /रन/पीएचपी/ चालवा. पीएचपी८.३-एफपीएम.सॉक दिसलं तर फास्टसीजीआय_पास च्या ओळीत ८.१ चं ८.३ करा, एनजिनएक्स -टी (लहान टी) ने तपासा, 'सक्सेसफुल' आलं तरच सिस्टिमसीटीएल रीलोड एनजिनएक्स. त्याच फोल्डरमध्ये पीएचपी-एफपीएम.सॉक असा आवृत्तीचा आकडा नसलेला दुवाही असतो. मशीनवर पीएचपीची एकच आवृत्ती असेल तर तोच मार्ग द्या, पुढच्या अपग्रेडला हा घोळ होणार नाही.

फोल्डर रिकामं असेल तर ८.३ चं एफपीएम आलेलंच नाही. आधी पीएचपी८.१-एफपीएम हे पॅकेज नाव घेऊन बसवलं असेल तर असं होतं. एपीटी इन्स्टॉल पीएचपी-एफपीएम पीएचपी-मायएसक्यूएल, शिवाय वर्डप्रेसला लागणारी पीएचपी-एक्सएमएल, पीएचपी-एमबीस्ट्रिंग, पीएचपी-कर्ल, पीएचपी-जीडी, पीएचपी-झिप.

---

नाशिकचा_रूट

आकड्यांच्या यादीसाठी काकांना धन्यवाद. सुरक्षिततेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो.

पेस्टचा दुवा म्हणजे जाहीर फलक. टर्मबिनवर गेलेला मजकूर तर वाटेत एनक्रिप्टही झालेला नसतो. उबुंटूच्या चॅनेलांची नोंद वेबवर कायमची उघडी राहते. तेव्हा एनजिनएक्स -टी (मोठा टी, म्हणजे सगळं कॉन्फिगरेशन छापणारा) किंवा वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल चिकटवण्यापूर्वी ती डोळ्यांखालून घाला. डेटाबेसचा पासवर्ड, डॉट-ईएनव्ही फाइल, खासगी किल्ली आणि ऑथरायझेशन हेडर ही नेहमीची ठिकाणं. अॅक्सेस लॉगमधल्या पत्त्यांना पासवर्ड बदलायचे टोकन चिकटलेले असतात, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चुकून काही गेलंच तर पेस्ट पुसून भागणार नाही, तो पासवर्ड त्याच क्षणी बदला.

मात्र लपवताना एक पथ्य पाळा. ज्याच्या जागी जे लिहाल ते सगळीकडे सारखंच लिहा. आयपी पत्त्याऐवजी २०३.०.११३.१०, दुसरा असेल तर २०३.०.११३.२०. ही मालिका उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे. डोमेनसाठी एक्झाम्पल.कॉम. दोन वेगळे पत्ते एकाच नावाने झाकले तर समोरच्याला वाटतं सर्व्हर स्वतःशीच बोलतोय. आणि फाइलचे मार्ग व युजरची नावं बदलू नका. वरच्या उदाहरणात कुणी ८.१ चा आकडाच पुसला असता तर निदान झालंच नसतं.

अजून एक. "खासगीत ये, मी करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. चॅनेलमध्ये एकाने चुकीची कमांड दिली तर दुसरा लगेच हटकतो. खासगीत हटकणारा कुणी नसतो. रूट पासवर्ड किंवा स्क्रीनचा ताबा मागणारा माणूस कितीही गोड बोलो, नाही म्हणायचं. सीएचमॉड -आर ७७७ (मोठा आर, सगळ्या फाइली सर्वांना उघड्या करणारी कमांड) सांगणाऱ्याला "कुठल्या एका फाइलवर, आणि का?" असं विचारा. ७७७ ने ५०२ जात नाही, उलट /ईटीसी खाली चाललं तर सुडो आपली फाइल वाचायलाच नकार देतो.

---

मांडवी_तीर

इंग्रजीचं काय? चॅनेलवर सगळं इंग्रजीत आणि घाईत चालतं. मराठीत विचारता येईल असं काही?

---

डोंगरवाट

मोठ्या चॅनेलांवर इंग्रजीच, पण तिथे व्याकरण कुणी बघत नाही. छोटी वाक्यं पुरतात. एका ओळीत हे बसवा: डिस्ट्रो व आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पेस्टचा दुवा. कृष्णाकाठ यांचा प्रश्न असा जाईल: "उबुंटू २४.०४, काल २२.०४ वरून अपग्रेड. एनजिनएक्स ५०२ देतो, वर्डप्रेस. एरर लॉग आणि साइट कॉन्फिग इथे." बस. "प्रश्न विचारू का?" असं विचारायचं नाही, थेट विचारायचं.

तुमची सिस्टीम इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी (सगळी मोठी अक्षरं) जोडा. संदेश मूळ इंग्रजीत येतात, आणि ते शोधताही येतात. स्वतः भाषांतर करून चिकटवू नका, त्यात नेमका शब्द हरवतो.

मराठी मंडळींच्या गटात देवनागरीत बोलताना आयआरसीची एक अडचण लक्षात घ्या. एका संदेशाला मुळात ५१२ बाइट मिळतात, त्यातच तुमचं नाव, होस्ट आणि चॅनेलचं नाव जातं. हातात चारशेच्या आसपास उरतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजून. 'सर्व्हर' या एका शब्दात सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. रोमनमध्ये तोच ६ बाइटचा. म्हणून साधारण १३० चिन्हांनंतर वाक्य तुटतं, काही क्लायंट शेपूट गुपचूप टाकून देतात. छोटी वाक्यं लिहा किंवा मराठी बोलणं मॅट्रिक्स-टेलिग्रामवर ठेवा, तिथे ही अडचण नाही. मॅट्रिक्समधून लिबेरावर जाण्याचा जो मोठा पूल होता तो २०२३ मध्ये बंद झाला. आता तिकडे वेगळं जावं लागतं.

---

टर्मिनलवाले_काका

वाट बघण्याबद्दल थोडं. प्रश्न टाकून पाच मिनिटांत टॅब बंद करणारे फार. ब्राउझरचा क्लायंट बंद केला की मागून आलेलं उत्तर तुम्हाला दिसतच नाही. वीचॅट (टर्मिनलचा आयआरसी क्लायंट) टीमक्समध्ये (खिडकी बंद केली तरी सत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा किंवा झेडएनसी (तुमच्या वतीने चॅनेलवर थांबणारा प्रोग्रॅम) बसवा, पण आजारी सर्व्हरवर नको, दुसऱ्या मशीनवर. तोच सर्व्हर रीबूट करायची वेळ आली की संभाषणही जातं.

आपल्या रात्री साडेनऊला यूटीसीचे चार वाजलेले असतात. युरोपात तेव्हा संध्याकाळ आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपार असते, दोन्हीकडची माणसं जागी असतात. आपल्या सकाळी आठ-नऊला मात्र चॅनेल बरंच शांत असतं. उत्तर आलं नाही तर तासाभराने, नवीन काही तपासून त्या माहितीसह पुन्हा विचारा. तेच वाक्य दर दोन मिनिटांनी टाकलं तर लोक दुर्लक्ष करायला लागतात.

नाव नोंदवून घ्या, कारण काही चॅनेलवर बिननोंदणीच्या नावाला बोलताच येत नाही. निकसर्व्हला (नावं नोंदवणाऱ्या सेवेला) रजिस्टरचा आदेश देताना तो चॅनेलच्या खिडकीत नव्हे, सर्व्हरच्या खिडकीत टाइप करा. तिरप्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा पडली तरी ती ओळ साधा संदेश म्हणून जाते आणि पासवर्ड शंभर जणांना दिसतो. क्लोक (आयपी झाकणारं आवरण) लावल्याशिवाय तुमचा आयपीही सर्वांना दिसू शकतो.

---

वारणेचा_वाघ

+१ काका. ५०२ इतकाच वारंवार येणारा दुसरा प्रश्न म्हणजे डिस्क भरल्याचा, तोही इथे असू द्या. चॅटवर फक्त "डिस्क फुल" लिहिण्याऐवजी तीन निकाल एकत्र द्या: डीएफ -एच, डीएफ -आय आणि डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /.

डीएफ १०० टक्के म्हणतो आणि डीयूची बेरीज निम्मीच भरते, असं झालं तर फाइल पुसली गेली आहे पण कुठली तरी प्रोसेस ती उघडी धरून बसली आहे. मोठी लॉग फाइल चालू असताना आरएमने उडवली की हेच होतं. फाइलचं नाव गेलं, जागा गेलेली नाही. एलएसओएफ +एल१ (मोठा एल) मध्ये ती 'डिलीटेड' अशी दिसते, बाजूला प्रोसेसचा क्रमांक. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा मोकळी. पुढच्या वेळी पुसण्याऐवजी ट्रंकेट -एस ० करा.

-एच मध्ये जागा आहे पण -आय १०० टक्के असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले, म्हणजे लाखो बारीक फाइली. पीएचपीच्या सेशन फाइली किंवा अडकलेली मेलची रांग बघा.

आणि एक्सट४ ही फाइलसिस्टीम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १०० जीबीच्या डिस्कवर ५ जीबी. त्यामुळे रूट म्हणून फाइल लिहिता येते पण मायएसक्यूएल म्हणतो जागा नाही. दोघंही खरं बोलत असतात. तातडीला जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम (मोठा एम) ने बऱ्याचदा श्वास घेण्यापुरती जागा मिळते.

---

नाशिकचा_रूट

एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून आत येण्याची सोय) कॉन्फिगला हात लावायचा सल्ला चॅटवर मिळाला तर एक सत्र उघडं ठेवूनच करा. एसएसएचडी -टी (लहान टी) ने तपासा, रीस्टार्ट करा, मग दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघा. ते जमलं की मगच पहिलं बंद. उबुंटू २४.०४ वर पोर्ट बदलल्यावर केवळ एसएसएच सेवा रीस्टार्ट करून पोर्ट बदलत नाही, कारण ऐकण्याचं काम आता एसएसएच.सॉकेट करतं. सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड आणि मग एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट. फायरवॉलमध्ये नवा पोर्ट त्याआधी उघडलेला हवा.

---

कृष्णाकाठ

फोल्डरमध्ये ८.३ चं सॉकेट होतं. ओळ बदलली, -टी ला 'सक्सेसफुल' आलं, रीलोड केलं, साइट उघडली. मनापासून धन्यवाद!

आता एकच राहिलं. ६ एमबीचा फोटो चढवायला गेलं की वर्डप्रेस म्हणतं कमाल मर्यादा २ एमबी. आधी चढत होते.

---

टर्मिनलवाले_काका

तेही अपग्रेडचंच. ८.१ ची सेटिंग्ज /ईटीसी/पीएचपी/८.१/एफपीएम/पीएचपी.आयएनआय मध्ये होती, ८.३ ची फाइल नवीकोरी आली. त्यात अपलोड_मॅक्स_फाइलसाइज मुळातलं २एम आणि पोस्ट_मॅक्स_साइज ८एम. डिफ -यू ने दोन्ही फाइली समोरासमोर ठेवा, तुम्ही पूर्वी केलेले बदल दिसतील. तेवढेच नव्या फाइलमध्ये आणा, जुनी फाइल जशीच्या तशी वर ठेवू नका. पोस्ट_मॅक्स_साइज नेहमी अपलोडपेक्षा थोडं जास्त. पूल.डी फोल्डरमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.कॉन्फचंही तसंच बघा, मॅक्स_चिल्ड्रन वाढवलेलं असेल तर ते पुन्हा ५ वर आलं असेल.

नंतर पीएचपी८.३-एफपीएम रीलोड करा, एनजिनएक्स नव्हे. तपासताना पीएचपी -आय वर विसंबू नका, तो टर्मिनलच्या पीएचपीची फाइल वाचतो. पीएचपी-एफपीएम८.३ -आय बघा. एवढं करून ४१३ (फाइल फार मोठी असल्याचा एरर) आला तर ते एनजिनएक्सचं क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज, जे मुळात १एम असतं. पण तुमची ती ओळ साइट फाइलमध्ये जुनीच शाबूत असणार.